काळ्या गाडीतला गारवा

सगळे त्याला गारेगार म्हणायचे. गाड्यांना एसी बसवणं, गळका गॅस हुडकणं, बंद पडलेला कॉम्प्रेसर उघडून पुन्हा जिता करणं, हा त्याचा सदतीस वर्षांचा धंदा. माणूस मात्र असा तापट, की शेजारी उभं राहिलं तरी चटका बसावा. त्याची बायको म्हणायची, "दुनियेला थंड करतात आणि उरलेली सगळी गरमी घरी घेऊन येतात."

पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये त्याचं वर्कशॉप होतं. वायरिंगचं काम त्याचा मेव्हणा बघायचा. हा मेव्हणा म्हणजे अखंड बडबड. तोंडात टेस्टर धरूनही बोलू शकणारा माणूस. दोघांचं दिवसातून चारदा वाजायचं आणि चहाच्या वेळी मिटायचं.

गारेगारला हे काम शिकवलं ते उस्तादाने. अठराव्या वर्षी हाताखाली घेतलं आणि पितळेचा सांधा कसा भरायचा इथपासून ग्राहकाला नाही कसं म्हणायचं इथपर्यंत सगळं पढवलं. उस्तादाचा एक कडक नियम होता. एसीशिवाय कारखान्यातून बाहेर पडलेली जुनी, मोठी, हौसेची गाडी असेल, तर तिला हात लावायचा नाही. इंजिनाला भार सोसत नाही, डायनामो पुरा पडत नाही, पत्रा कापला की गाडीचं वाटोळं, अशी कारणं तो द्यायचा. आणि त्याची एक खोडही होती. कुठल्याही गाडीचं काम संपलं की इंजिन चालू ठेवून, काचा वर करून, हा मागच्या सीटवर पेपर घेऊन अर्धा तास बसायचा. शिकाऊ पोरं बाहेर घामाने निथळत असायची. ती म्हणायची, म्हातारा फुकटची हवा खातोय. गारेगारही त्यांच्यात हसायला होता.

नियम त्याने पाळला. सदतीस वर्षं पाळला. आणि मग डॉक्टरीणबाई आल्या.

बाई सत्तरीच्या, निवृत्त, ताठ कण्याच्या. गाडी त्यांनी स्वतः चालवत आणली. काळी, लांबलचक, पुढच्या चाकांवर फुगलेले मडगार्ड, आणि ड्रायव्हर नि मागची मंडळी यांच्यामध्ये वरखाली सरकणारी काच. पत्र्यावर तोंड दिसत होतं. मेव्हण्याची बोलती बंद झाली, यावरून काय ते समजावं.

"हिला एसी बसवायचाय," बाई म्हणाल्या.

"नाही जमायचं, बाई."

"का?"

गारेगारने उस्तादाची सगळी कारणं एका दमात म्हणून दाखवली. बाईंनी ती पेशंटची तक्रार ऐकावी तशी शांतपणे ऐकून घेतली.

"मिस्त्री, मला धुळीने दम लागतो. काचा उघड्या ठेवून बसता येत नाही आणि बंद ठेवून बसवत नाही. गाडी मला विकायची नाही, नुसती पुसून उभीही करायची नाही. माझी आई या गाडीत गेली. मी नऊ वर्षांची होते. मागच्या सीटवर झोपली ती झोपलीच. हार्ट."

गारेगार हबकला. "आणि तरी ठेवलीत गाडी?"

"बाबांनी ठेवली. का, ते कधी बोलले नाहीत. आता माझ्याकडे आहे. लोकांना वाटतं वेडेपणा आहे. मला ती आईची शेवटची खोली वाटते."

त्याने हो म्हटलं. उस्तादाला मात्र कळू दिलं नाही. ऐंशी पार केलेला म्हातारा, कशाला त्याच्या जिवाला घोर.

काम चांगलं महिनाभर चाललं. सहा व्होल्टची गाडी बारावर आणायची म्हणजे मेव्हण्याने हॉर्नपासून आतल्या दिव्यापर्यंत सगळं उकरलं. डायनामो काढून आल्टरनेटर बसवला. कॉम्प्रेसरसाठी लोखंडी ब्रॅकेट तीनदा बनवला. दोनदा बेल्ट तिरका पळाला आणि गारेगारने पाना फेकून मारला, अर्थात भिंतीला. रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर असा बसवला की जाळीतून बघणाऱ्याला पत्ता लागू नये. दिसणाऱ्या पत्र्याला एकही नवं भोक पाडलं नाही. आता राहिली होती मागची कॉइल. ती डिकीत, मागच्या सीटच्या पाठीशी बसणार होती आणि तिथून गार वारा सीटच्या वरून आत येणार होता.

कॉइलसाठी डिकीचं माप घेताना घोटाळा झाला. बाहेरून मोजलं की एक, आतून मोजलं की वीतभर कमी. गारेगारने टेप तीनदा लावला.

"दाजी, चोरकप्पा!" मेव्हण्याचे डोळे चमकले. "बघा, सोनं निघतंय."

डिकीची गादी काढली. मागे पत्रा होता, काळा रंगवलेला, कडेने वेल्डिंग करून बंद केलेला. ते वेल्डिंग कारखान्यातलं नव्हतं. बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, मला काही कल्पना नाही, उघडा. गारेगारने वेल्डिंगची रेघ घासून काढली, पत्रा सैल केला आणि दोघांनी मिळून ओढून बाहेर काढला.

आत एसी होता.

लोखंडी पेटी, तांब्याच्या नळ्यांची कॉइल, मागे पंख्याची मोटर. सगळं जागच्या जागी. नळ्या कापलेल्या आणि टोकं बंद केलेली. मेव्हणा म्हणाला, "म्हणजे हिला आधीच होता? मग आपण महिनाभर काय झक मारली?" पण गारेगारचं लक्ष नव्हतं. तो नळीच्या टोकाकडे बघत होता. टोक चेपून दोनदा दुमडलेलं आणि वर पितळ भरलेलं. प्रत्येक क्लॅम्पची शेपटी आतल्या बाजूला वळवलेली, पुढे कोणी हात घातला तर कापू नये म्हणून. असं काम करणारी माणसं त्याने उभ्या आयुष्यात दोनच पाहिली होती. त्यातला एक तो स्वतः.

"हे उस्तादाचं काम आहे," तो म्हणाला.

"काहीतरीच काय दाजी. उस्ताद तर जुन्या गाडीला शिवत नव्हता."

गारेगारने हातबत्ती घेतली आणि पेटीत डोकं घातलं. पेटीच्या तळाला दोन भोकं होती. नळ्या त्यातून खाली गेल्या होत्या. भोकं नळ्यांपेक्षा बरीच मोठी, भोवती ना रबर ना काही. त्या फटीतून थेट खाली दिसत होतं आणि बरोबर खाली सायलेन्सरचा सांधा होता. भोकांच्या कडा काळ्या होत्या. त्याने बोट फिरवलं. बोट काळं झालं. कॉइलवर फिरवलं. मखमलीसारखी काजळी.

पंखा पेटीतून हवा ओढतो आणि गाडीत सोडतो. पेटीत हवा कुठून येते? गाडीतून. आणि या भोकांतून.

मेव्हणा काहीतरी बोलत होता. गारेगारला ते लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. काचा बंद. मधली काच बंद. मागच्या सीटवर झोपली ती झोपलीच. तो डिकीच्या कडेवर मटकन बसला. आणि मग त्याची नजर खाली, आपण सकाळी खडूने केलेल्या खुणांवर गेली. नव्या नळ्यांसाठी त्याने दोन गोल काढले होते. जुन्या भोकांपासून चार बोटांच्या अंतरावर.

तो दर वेळी भोकांना रबर लावायचा, वरून लांबी, म्हणजे पत्र्याची पुटी, भरायचा, हे खरं. पण का? गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. खालून काय आत येईल हा विचार सदतीस वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आला नव्हता.

दुपारीच तो उस्तादाकडे गेला. उस्ताद मुलीकडे राहायचा. खिडकीपाशी वेताची खुर्ची, गुडघ्यांवर शाल, डोक्यावर मंद पंखा. गार वारा त्याच्या सांध्यांना चालायचा नाही.

"ये. आज वाट चुकलास?"

"उस्ताद, एक काळी गाडी आलीय. मधे काच असलेली. डिकीतला पत्रा उघडला मी."

उस्तादाने खिडकीबाहेर बघितलं. मग विचारलं, "भोकं अजून तशीच आहेत?"

गारेगारला वाटलं होतं की तो नाही म्हणेल, निदान आठवत नाही म्हणेल.

"तशीच आहेत."

"मी चोवीस वर्षांचा होतो," उस्ताद म्हणाला. "परदेशातून ती पेटी आली होती आणि बसवायची कशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मालकांना बायकोसाठी हवी होती. मी म्हटलं, मी बसवतो. हातात कला होती ना! रबर मिळालं नाही. म्हटलं, पुढच्या आठवड्यात लावू. बाई म्हणाल्या, आत जरा वास येतो. मालक म्हणाले, नवं यंत्र आहे, जाईल दोन दिवसांत. आणि मी मान हलवली. बघ, मी मान हलवली."

"मग?"

"मग त्या गेल्या. डॉक्टरांनी हार्ट सांगितलं. मी तिसऱ्या दिवशी माझी हत्यारं आणायला गेलो. कुणी नव्हतं. म्हटलं, बघू तरी पेटी कशी चालते. काचा लावून मागे बसलो. पाव तासात डोकं जड झालं. दार कसं उघडलं ते आठवत नाही. बाहेर येऊन ओकलो, आणि ओकता ओकताच कळलं."

गारेगारला आठवलं. अर्धा तास. पेपर. काचा वर. म्हातारा फुकटची हवा खातोय म्हणून ते सगळे हसत होते, आणि हा प्रत्येक गाडीत आधी स्वतः मरून बघत होता.

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मी बाई मारली म्हणून? तुम्ही रबर लावत होता. मी ते बघून घेत होतो. पुरे होतं."

"आणि मालक?"

"मालकांना मी त्याच दिवशी सांगितलं. पाय धरले. ते म्हणाले, पोरींना कळता कामा नये. पुढचं यंत्र काढून टाक, पेटी आतून बंद कर आणि पुन्हा इकडे फिरकू नकोस. पोलिसांत गेले नाहीत. त्यांनी मला वाचवलं की स्वतःला, ते मला आजवर उमगलं नाही." उस्तादाने शाल घट्ट ओढली. "मी मेल्यावर सांग तिला."

"नाही उस्ताद. उद्या सांगणार."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने उस्तादाला नाही म्हटलं होतं. उस्तादाने मान खाली घातली आणि हळूच हलवली. ती हो होती की नाही, हे गारेगारला कळलं नाही.

घरी त्याला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. ती घास हातात धरून तशीच बसली. मग म्हणाली, "तुम्ही बसवलेल्या गाड्यांत लोकांची लहान लेकरं बसतात हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. गारेगारने बोलायची तयारी केली होती, पण डिकीसमोर उभं राहिल्यावर त्याने आधी पेटीकडेच बोट दाखवलं.

"तुमच्या वडिलांनी एसी बसवून घेतला होता, बाई. आईंसाठी. ही पेटी. आणि ही भोकं..."

बाई वाकल्या. चष्मा वर केला. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे बघत राहिल्या. खालच्या सायलेन्सरकडे बघितलं. पुन्हा बोटाकडे. गारेगार पुढचं वाक्य जुळवत होता, पण त्याची गरजच पडली नाही.

"गाल," बाई म्हणाल्या.

"काय?"

"आईचे गाल गुलाबी होते. सगळे म्हणत होते, किती टवटवीत दिसतेय, झोपल्यासारखी. मला ते एवढं लख्ख आठवतं." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली जात होता. "मिस्त्री, मी चाळीस वर्षं डॉक्टरकी केली. बंद खोलीत शेगडी लावून झोपलेली, तिच्या विषारी वायूने गेलेली माणसं माझ्यासमोर आणली गेली. तसेच गाल. मी दारातून बघून ओळखलं, तपासायच्या आधी. मी विद्यार्थ्यांना शिकवलं. आणि माझ्या आईचे गाल मी रोज रात्री आठवत होते आणि मला कळलं नाही."

मेव्हण्याने न सांगता स्टूल आणून ठेवलं. बाई बसल्या.

"तिचं डोकं दुखत होतं त्या दिवशी. निघाल्यावर थोड्या वेळाने तिने मधली काच खाली केली आणि म्हणाली, मागे ये, जरा डोकं चेपून दे. मला पुढे ड्रायव्हरकाकांजवळ बसायचं होतं, गियर बघायचे होते. मी म्हटलं, नंतर येते. तिने काच वर केली." त्यांनी काळ्या बोटाकडे पाहिलं. "मला वाटायचं, मी गेले असते तर ती वाचली असती. हार्टचा त्रास मी ओळखला असता, कुणाला तरी सांगितलं असतं. नऊ वर्षांची मुलगी! म्हणून तर मी डॉक्टर झाले. आणि मी गेले असते तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं आणि कोणी जाऊन बघेना.

"कुणी बसवला होता हा?"

गारेगारला खोटं बोलता आलं असतं. "माझ्या उस्तादाने."

"आहेत?"

"आहेत."

"मला न्या."

उस्तादाच्या मुलीने दार उघडलं. उस्तादाने बाईंना पाहिलं आणि कोणी ओळख करून द्यायच्या आत खुर्चीचे हात धरून उठायला लागला. दोनदा बसला, तिसऱ्यांदा उठला. हात जोडले. गारेगार मनातल्या मनात दोन्ही गोष्टींना तयार होता, बाई ओरडतील किंवा माफ करतील. बाईंनी दोन्ही केलं नाही.

"बाबांना ठाऊक होतं?" एवढंच विचारलं.

"होतं. तिसऱ्या दिवसापासून."

बाईंचा चेहरा असा झाला की गारेगारने नजर फिरवली. तिथे वर्कशॉपमध्ये भोक बघूनही असा झाला नव्हता.

"तेराव्या दिवशी मी बाबांना सांगितलं," त्या म्हणाल्या, "की आई माझ्यामुळे गेली. मी मागे गेले नाही म्हणून. ते ऐकत होते. मला जवळ घेतलं, आणि एक शब्द बोलले नाहीत. नंतर तीस वर्षं जगले ते. एक शब्द."

उस्ताद उभाच होता. "बाई, चूक माझी..."

"तुमची होतीच," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा. पडाल."

आणि त्या निघाल्या. परतीच्या रिक्षात गारेगारशी बोलल्या नाहीत. वर्कशॉपच्या दारात उतरताना मात्र म्हणाल्या, "काम पुरं करा. भोकं बुजवल्यावर मला दाखवा. मी स्वतः बघणार आहे."

त्याने काम पुरं केलं. जुनी पेटी काढली, भोकांवर पत्र्याचे तुकडे वेल्ड केले. नव्या नळ्या सायलेन्सरपासून लांब, पुढच्या बाजूने फिरवून आणल्या. दोन दिवसांचं काम वाढलं. सायलेन्सर नवा घातला, त्याच्या नळीचं तोंड बंपरच्या बाहेर काढलं. धुरातला विषारी वायू मोजायचं यंत्र बाईंनी आपल्या जुन्या इस्पितळातून मागवलं आणि इंजिन चालू ठेवून, काचा लावून, दोघं मागच्या सीटवर त्याचा काटा बघत बसले. काटा हलला नाही. गार वारा येत होता. बाईंना दम लागत नव्हता, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"माझी थोरली बहीण आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा ती होस्टेलला होती. तिलाही हार्टच माहीत आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही हे. उद्या जाईन."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. परत आल्यावर त्यांनी कधी काही सांगितलं नाही आणि गारेगारने विचारलं नाही. उस्तादाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. तो त्याच वर्षी, थंडीत गेला. गारेगारने निरोप पाठवला होता. बाई आल्या नाहीत.

गारेगारच्या डोक्यातून मात्र बायकोचं ते वाक्य जाईना. त्याने जुन्या पावत्यांची खोकी काढली. ज्या ज्या गाडीचा पत्रा कापून त्याने एसी बसवला होता, त्या प्रत्येकाला फोन. काम फुकट, फक्त गाडी घेऊन या. लोक संशयाने बघायचे. गारेगार आणि फुकट? मेव्हणा म्हणाला, "दाजी, लोक म्हणतील याला काहीतरी झालंय."

"झालंय," गारेगार म्हणाला.

एकशे बारा गाड्या आल्या. बऱ्याच कधीच भंगारात गेल्या होत्या. आलेल्यांपैकी नऊ गाड्यांची रबरं उन्हाने आणि वयाने कडक होऊन फुटली होती, आणि फट दिसली की ती बुजेपर्यंत तो चहालाही उठायचा नाही. शेवटी शेवटी एक टॅक्सीवाला आला, कुरकुर करत. गारेगार गाडीखाली शिरला. मागच्या भोकाचं रबर पार गळून गेलं होतं आणि कडेला काजळी होती.

"दुपारी डोकं दुखतं का हो तुमचं?" त्याने खालूनच विचारलं.

टॅक्सीवाला चकित झाला. "तुम्हाला कसं कळलं? वर्ष झालं. दोनदा चष्मा बदलला. आता तिसरा नंबर काढायला निघालो होतो."

गारेगार गाडीखालून लगेच बाहेर आला नाही. तिथेच उताणा पडून त्या भोकाकडे बघत राहिला. त्याच्या हातचं काम होतं ते, अकरा वर्षांपूर्वीचं. क्लॅम्पच्या शेपट्या सगळ्या आत वळवलेल्या.

"मिस्त्री? झालं का? भाडं थांबलंय माझं."

"थांबू दे," तो खालून म्हणाला. "किल्ली इकडे द्या. आज ही गाडी इथून हलायची नाही."